पणजोबा सापडला कोतवाल बुकात

वऱ्हाडात इतिहासाची गोडी लागायचं वय ठरलेलं आहे. पोरगं बारावी पास झालं की ती बापाला लागते. कॉलेजचा फॉर्म भरायचा असतो, त्याला जात पडताळणीचं प्रमाणपत्र जोडायचं असतं, आणि त्यासाठी आजा-पणजाच्या नावाचा जुना कागद हवा असतो. शाळेत इतिहासाच्या तासाला हमखास डुलकी काढणारा माणूस मग पातूरच्या तहसीलपुढे उभा राहून तारखा घडाघडा म्हणतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा या तारखांच्या आधीचा पाहिजे. पानिपतची तारीख मात्र त्याला अजूनही येत नाही.

कोकणस्थांच्या घरात जाडजूड कुलवृत्तांत असतो. पुठ्ठ्याची बांधणी, मागे घडी घातलेले वंशवृक्ष, पुढे मूळ पुरुषाची महती. पातूर-बाळापूरकडे असा ग्रंथ क्वचितच सापडेल. इथले पूर्वज सरकारी बस्त्यात बांधून ठेवलेले आहेत, आणि खरं सांगायचं तर ते तिथे जास्त खरे वाटतात. कुलवृत्तांत लिहिणारा त्याच घराण्यातला असतो, त्यामुळे त्यातले पूर्वज शूर, दानशूर आणि प्रसंगी पेशव्यांच्या मर्जीतले निघतात. कोतवाल बुकातले पूर्वज तापाने नाहीतर हगवणीने मरतात. तिथे कोणाची मर्जी राखायची नसते.

पातूर नेमकं कोणतं?

शोध सुरू करण्याआधी पहिला घोटाळा निस्तरावा लागतो. अकोला जिल्ह्यात पातूर दोन आहेत. डोंगराच्या पायथ्याचं, तालुक्याचं गाव ते पातूर शेखबाबू. दुसरं पातूर नंदापूर. जुन्या कागदावर नुसतं ‘मौजे पातूर’ दिसलं की हुरळून जाऊ नका, पुढचा शब्द वाचा. भलत्याच पातूरच्या भलत्याच गणपतला पणजोबा करून घेण्याची सोय इथे आयतीच आहे.

दुसरा घोटाळा कचेरीचा. आज पातूर स्वतः तालुका आहे, पण इंग्रजी अमदानीत ते बाळापूर तालुक्यातलं गाव होतं. १९०१ च्या शिरगणतीत त्याची वस्ती सहा हजारांच्याही आत होती. त्यामुळे पातूरच्या आज्याचा कागद पातुरातच असेल असं नाही. “बायापूरले जा,” असं खिडकीतून ऐकायला मिळालं तर चिडू नये. कारकून तुमच्यापेक्षा जास्त इतिहास बोलतो आहे.

घर न सोडता चार राज्यं

१९४९ साली पातुरात जन्मलेलं पोर घ्या. जन्म मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. २६ जानेवारी १९५० पासून ते मध्य प्रदेशचं रहिवासी झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वय वर्षं अकरा, राज्यं चार, आणि बैलगाडीत बसून ते गेलं असेल तर फार फार तर अकोल्यापर्यंत.

म्हणून आजोबांच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर ‘मध्यप्रदेश’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आजोबा इंदूरहून आलेले नाहीत. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि पातूरही त्याच राज्यात होतं.

त्याच्याही मागे गेलं तर आणखी गंमत आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, कारण हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला होता. म्हणजे आपला सबंध मुलूख उधारीपोटी गहाण पडला होता. १८५७ नंतर त्याचे पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन जिल्हे झाले; पूर्वेचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. १९०२ मध्ये कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडलं. पट्टा इंग्रजांकडे असला तरी कागदोपत्री मालक निजामच! १९३६ च्या करारात तर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. ज्या वऱ्हाडाचा तो राजपुत्र, तिथला कारभार मात्र नागपुरातून चालायचा.

वंशावळ शोधणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग एवढाच की कागद कुठे गेले ते कळतं. इंग्रजी अमदानीतले अकोला आणि नागपूरला. त्याआधीचे, म्हणजे शाहजहान-औरंगजेबाच्या काळातल्या दख्खन सुभ्यांचे फारसी कागद, हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात, लाखाच्या वर संख्येने. वऱ्हाड हा त्यातलाच एक सुभा. आपल्या खापरपणज्याच्या बापाने भरलेला सारा कदाचित तेलंगणाच्या राजधानीत जपून ठेवलेला असेल.

मराठवाड्यात २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी धुंडाळते आहे, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयापासून ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. वऱ्हाडी माणूस ती धावपळ जरा लांबून बघतो. इथल्या बहुतेक शेतकरी घरांच्या कागदावर ‘कुणबी’ आधीपासून लिहिलेलं आहे.

कोतवाल बुक: वऱ्हाडचा खरा महाग्रंथ

आता मुद्द्याची वही. विदर्भात कोणालाही विचारा, “पुरावा काय लावला?” उत्तर येतं, “कोतवाल बुकाची नक्कल.” गावात जन्म झाला, मयत झाली की कोतवालाने खबर द्यायची आणि ती जन्म-मृत्यूच्या बहीत चढवायची, अशी ती रीत. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येईपर्यंत गावातल्या गरिबाच्या अस्तित्वाचा सरकारदरबारी हाच काय तो दाखला. जमीन असणाऱ्याचं नाव पेरेपत्रकात यायचं, शाळेत गेलेल्याचं दाखल-खारीज रजिस्टरात. ज्याच्याकडे ना जमीन ना पाटी, तोही जन्माला मात्र आलाच असणार.

ही वही जवळून पाहण्यासारखी असते. लाल कापडाचा बस्ता सोडला की आधी धूळ, मग कडा खाल्लेली पानं. शाई काळी होती ती आता तपकिरी झालेली. रकाने साधे: अनुक्रम, तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मयताच्या पानावर वय आणि कारण. कारणं मोजून सात-आठ. ताप, हगवण, खोकला, पटकी, देवी, बाळंतपण, साप. बहुतेकांना ‘ताप’ एवढाच काय तो निदानाचा मान मिळालेला.

आणि जन्माच्या पानावर बाळाचं नाव नसतं! नातू मोठ्या आशेने नक्कल काढतो आणि वाचतो: ‘तुकाराम वल्द सखाराम, कुणबी, मुलगा’. कोणता मुलगा? आजोबा की आजोबांचा भाऊ? कारण साधं आहे. खबर दिली जायची जन्मानंतर लगेच, आणि नाव ठेवलं जायचं बारशाला. खबर पोचली तेव्हा पोराला नावच नव्हतं. नंतर येऊन रकाना भरायची तसदी ना बापाने घेतली ना लिहिणाराने. मग शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि बुकातली तारीख जुळवत बसायचं. तिथेही गंमत: मास्तरांनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जुलै टाकलेली असते.

आडनावही बऱ्याचदा नसतं. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा; झाली माणसाची ओळख. जमिनीच्या कागदावरचे ‘अ. पा. क.’ आणि ‘ए. कु. मॅ.’ हेही पाठ करून ठेवावेत. पहिलं दिसलं की समजायचं पोर अज्ञान असताना बाप गेला आणि पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचं नाव लागलं. दुसरं म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अर्थात थोरला भाऊ. या तीन-तीन अक्षरांत घरातली निम्मी भांडणं मावलेली असतात.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. गावकीची, कोतवालकीची, निरोप्याची कामं बहुतेक गावांत महार समाजाच्या वाट्याला आलेली होती. ज्या माणसाला गावाने वेशीबाहेर राहायला लावलं, ज्याच्या हाती लेखणी येऊ दिली नाही, त्याने पायी चालत जाऊन तोंडी दिलेल्या खबरीवर आज पाटलापासून कोळ्यापर्यंत अख्ख्या गावाची वंशावळ उभी आहे. प्रवेश मिळाल्यावर पेढे वाटले जातात, त्यात एक पेढा त्या खबरीच्या नावाने ठेवायला हरकत नाही.

पानं एकदम भरतात तेव्हा

कधीकधी मयताची पानं अचानक दाट होतात. महिन्याला दोन-चार नोंदी असायच्या तिथे दिवसाला तेवढ्या. साल पाहिलं की उलगडा होतो. १९१८ चा पावसाळा संपता संपता इन्फ्लुएन्झा आला. मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. त्याआधी १८९९-१९०० चा दुष्काळ. मारवाडी घरांत त्याला अजून ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण विक्रम संवत होतं १९५६. वऱ्हाडची वस्ती १८९१ ला २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ ला २७ लाख ५४ हजारांवर उतरली. वंशावळीत एखादी फांदी १९०० च्या आसपास तुटलेली दिसली तर भाऊबंदकीवर खापर फोडण्याआधी हे आकडे आठवावेत.

शिरगणतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. देशभरची पहिली शिरगणती १८७१-७२ च्या सुमाराची, पण वऱ्हाडाने आपली १८६७ मध्येच उरकून घेतली होती. वंशावळवाल्याला त्याचा उपयोग शून्य. माणसं मोजली, नावं ठेवली नाहीत.

उकर्डा, फकिरा आणि तीन नारायण

पूर्वजाचं नाव उकर्डा, दगडू, केरू किंवा धोंड्या असेल तर आधीची पानं उलटा. आधीची एक-दोन लेकरं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे टाकाऊ आहे. नाव वाचून हसू येतं, पण त्याच बापाच्या नावापुढे मागच्या चार वर्षांत मयताच्या नोंदी निघतात.

हिंदू घरात फकिरा किंवा पिराजी सापडला तर तो कुठल्या तरी दर्ग्याचा नवस. पातुरात याचं नवल वाटायचं कारणच नाही. गावाच्याच नावात पीर आहे. मुसलमान घरांत वंशावळीला शजरा म्हणतात, आणि सूफी परंपरेत तर शजरा दोन प्रकारचा असतो: एक रक्ताचा, एक गुरू-शिष्यांचा. दुसरा बहुधा जास्त काळजीने जपलेला असतो.

खरा ताप नातवाला आज्याचं नाव देण्याच्या रिवाजाचा. नारायण गणपत, गणपत नारायण, पुन्हा नारायण गणपत. साल नसलेला कागद हातात आला की हा नारायण आजा की नातू, ते परमेश्वरच जाणे. यावर एकच उपाय: बायकोचं नाव शोधा. दोन नारायणांच्या बायका सहसा एकाच नावाच्या नसतात.

शेखबाबूंच्या तारखेचं काय करायचं?

ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं ते शेख अब्दुल अझीज उर्फ शेखबाबू. इंग्रजी गॅझेटियरने त्यांची कथा नोंदवली आहे. १३७८ साली दिल्लीहून ते पातुरात आले, अकरा वर्षांनी इथेच वारले, आणि मुहम्मद बिन तुघलकाला त्यांनी मोठ्या आजारातून बरं केलं होतं, अशी लोकांची श्रद्धा. कथा लिहून झाल्यावर गॅझेटियरकार शांतपणे पुस्ती जोडतात की तारखा जुळत नाहीत. तुघलक १३५१ मध्येच गेला होता.

त्यामुळे कथा खोटी ठरवून फेकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. घराण्यांच्या आठवणी अशाच चालतात. आपल्या माणसाला जवळच्या मोठ्या नावाशेजारी नेऊन बसवायचं, मधली वीस-तीस वर्षं गिळून टाकायची. प्रत्येक दुसऱ्या देशमुखाचा पूर्वज शिवाजी महाराजांबरोबर होता, तसंच हे. दर्ग्याची दुरुस्ती अब्दुर्रहीम खानखानानने १६०६-०७ मध्ये केल्याचं तेच गॅझेटियर सांगतं. हा तोच रहीम, दोहे लिहिणारा. पातूरच्या पाऊलखुणा शोधताना हिंदीच्या पाठ्यपुस्तकातला कवी भेटेल असं कोणाला वाटलं असतं?

आता त्याच १३७८ सालाचं एक गणित. पिढीला सरासरी २५ वर्षं धरली तर तेव्हापासून साधारण २६ पिढ्या झाल्या. आई-बाप दोन, आजी-आजे चार, त्यांचे आई-बाप आठ, असं दुप्पट करत गेलं तर सव्विसाव्या पिढीला पूर्वज होतात ६ कोटी ७१ लाखांवर. १९०१ ला सबंध वऱ्हाडात माणसं होती साडेसत्तावीस लाख. मग सहा कोटी आणायचे कुठून? उत्तर असं की तीच ती माणसं तक्त्यावर पुन्हा पुन्हा येतात. मामाच्या मुलीशी लग्न झालं की पणजोबा-पणज्या आठाऐवजी सहाच भरतात. पुरेसं मागे गेलं की अख्खा तालुका एकमेकांचा चुलत-मावस निघतो, जात पडताळणी समितीने काहीही म्हटलं तरी.

घाट चढून गेलं की राजांची वंशावळ

पातूरचा घाट चढला की रस्ता वाशिमला जातो. तिथे १९३९ साली एक ताम्रपट सापडला. सोळाशे वर्षांहून जुना. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून दिलेला. त्यात राजा आधी आपली ओळख देतो: प्रवरसेनाचा नातू, सर्वसेनाचा मुलगा. मग जमिनीची गोष्ट. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि जमीन-दानाच्या अटी प्राकृतात. ऐट दाखवायला एक भाषा आणि व्यवहाराला दुसरी, हा इकडचा रिवाज किती जुना आहे बघा.

या पत्र्याने चांगल्या चांगल्या पंडितांची वंशावळ दुरुस्त केली. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातला वाकाटकांचा लेख झिजलेला. जुन्या अभ्यासकांनी त्यातली नावं वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या राजांची म्हणून वाचली होती. वाशिमचा ताम्रपट हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी ती नावं सर्वसेन आणि विंध्यशक्तीची आहेत हे दाखवलं, आणि वत्सगुल्मची एक अख्खी शाखा पुन्हा उजेडात आली. एक खराब झालेलं नाव चुकीचं वाचलं की राजघराण्यालासुद्धा भलताच आजोबा चिकटतो.

खुद्द पातूरच्या डोंगरात कोरलेले विहार आहेत. पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित केलेले आहेत. तिथे राहिलेले भिक्खू होते, त्यामुळे वंशावळीच्या कामाचे नाहीत. ते सोडून पुढे जाऊ.

५९०, ७८ आणि बाकीची बेरीज

जुन्या कागदावरचं साल वाचून “आमचा कागद बाराशे त्रेसष्टचा!” असं ओरडण्याआधी तो फसली सन आहे का ते पाहा. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की ढोबळ इसवी सन येतो, म्हणजे १२६३ फसली हे वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं तेव्हाचं. शके असेल तर ७८ मिळवा. शेजारच्या बार्शीटाकळीच्या देवळातला शके १०९८ चा लेख ११७६ च्या सुमाराचा ठरतो तो असा. हिजरी असेल तर नुसत्या बेरजेने भागत नाही, कारण ते वर्ष चांद्र, सुमारे अकरा दिवसांनी तोकडं.

लिपी मोडी असेल तर घाबरू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं आणि लिप्यंतर करून देणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात आता चांगली मिळवती झाली आहेत. जुने सातबारा-फेरफार स्कॅन करून ऑनलाइन द्यायची सोय सरकारने सुरू केली तेव्हा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही होते. याबाबतीत तरी विदर्भाचा अनुशेष नव्हता.

कागदाबाहेरही वह्या आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांची नामावळी असते. आपण गाव आणि आडनाव सांगायचं, ते वही काढतात, आणि कधी तरी आलेल्या आज्याची सही किंवा अंगठा समोर येतो. गयेला, हरिद्वारला हीच पद्धत. या वह्यांची किंमत परक्यांना आधी कळली. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हिंदू तीर्थक्षेत्रांच्या अशा बह्यांची मायक्रोफिल्म करून नेली आहे. सुगीनंतर पोथी घेऊन येणारा भाट हा तिसरा मार्ग. तो तुमच्या घराण्याचं मूळ चितोडला किंवा धारला नेऊन पोचवील, ते मात्र धान्य देऊन ऐकून घ्यावं आणि अर्जाला जोडू नये.

ज्याला गावाच्या पलीकडचं वाचायचं आहे त्याने यादव माधव काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ काढावा, १९२४ चा. त्याआधीचं मोठं काम म्हणजे आल्फ्रेड लायलने संपादलेला १८७० चा वऱ्हाडचा गॅझेटियर. लायल इथे कमिशनर होता, कविताही करायचा. मुलकी खात्यात असे लोक पूर्वी होते.

कदमांचे देशमुख, जाणोरकरांचे गाडगे

आडनावावर फार विसंबू नये. शिक्षणमहर्षी आणि देशाचे कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुखांचं मूळ आडनाव कदम. देशमुखी हे वतन, ते नावाला चिकटलं. गाडगेबाबा हे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, पण हातातल्या गाडग्याने जाणोरकर कायमचं पुसलं. तुकडोजी महाराज मूळचे यावलीचे माणिक बंडोजी इंगळे. वानखडे, इंगळे, तायडे ही आडनावं तर कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतर जातींतही आहेत. आडनावावरून जात ओळखल्याचा आव आणणारा माणूस वऱ्हाडात रोज तोंडघशी पडतो, आणि ते बरंच आहे.

सगळ्यात मोठी गंमत शेगावची. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज तिथे दिसले. कुठून आले, बापाचं नाव काय, गाव कोणतं, काही म्हणजे काही माहीत नाही. पातूर-बाळापूरच्या घराघरात ज्यांची तसबीर आहे त्यांच्यावर आज जात पडताळणीचा अर्ज भरायची वेळ आली असती तर तो पहिल्याच टेबलावरून परत आला असता.

उलट टोक पाहायचं तर चीनमध्ये. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ ऐंशीवर पिढ्यांची आहे. २००९ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा नावं वीस लाखांवर गेली होती. पूर्वी गाळलेल्या बायकांचीही नावं त्या खेपेला घातली गेली.

आइसलँडचं ॲप, आपल्या आत्या

आइसलँड एवढासा देश, सगळे एकमेकांचे नातेवाईक. तिथे जवळपास सगळ्या लोकसंख्येची वंशावळ संगणकावर आहे, आणि २०१३ मध्ये एक ॲप निघालं: दोघांनी फोनला फोन टेकवला की आपण भाऊ-बहीण तर लागत नाही ना, ते कळतं. वऱ्हाडात हेच काम लग्नघरी जात्यापाशी किंवा आता कूलरपुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्या करतात. “कोनाची वो तू? माय कुठली? मामकूळ कोनतं?” तीन प्रश्नांत निकाल. सोयरीक जमवताना कूळ, देवक आणि मामकूळ पाहायचं असतं, त्यामुळे आईकडच्या नावांची सगळ्यात पक्की यादी याच म्हाताऱ्यांपाशी असते. कागदावर ती कुठेच नाही.

प्रतिज्ञापत्रावरचा वंशावळीचा तक्ता काढून पाहा. बाप, आजा, पणजा, चुलते, चुलत चुलते. लेकी बहुतेकदा नाहीतच, सुना नाहीत. लग्नात नाव बदललं, गाव बदललं, आडनाव बदललं. माहेरच्या तक्त्यातून गेली आणि सासरच्या तक्त्यात आलीच नाही. त्यांना शोधायची एक जागा जमिनीच्या कागदात आहे, आणि ती जरा कडू आहे: हक्कसोड. बाप वारला की वारसांच्या फेरफारात मुलींची नावं चढतात, आणि लगेच खाली त्यांनी भावांच्या नावे हक्क सोडल्याची नोंद असते. अशा नोंदी बऱ्याचदा पूर्ण नावांनिशी असतात. आत्याचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, वय, सही नाहीतर अंगठा, सगळं एका पानावर. पातूर तालुक्यातल्या आलेगावची आत्या घाटावर मालेगावला दिली होती हे तिथे कळतं.

म्हणून शोधाला निघालात तर अर्ज तहसीलला द्या, पण आधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी थांबा. पितरांच्या नावाने घागर भरताना घरातली सगळ्यात म्हातारी बाई तीन पिढ्यांची नावं घेते. तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि पुरुषांची नावं झाली की विचारा, यांच्या बायका कोणत्या गावच्या. ती आधी म्हणेल, “काहून बाप्पा, त्याचं काय काम पडलं?” मग सांगायला लागेल. वहीची पानं जास्तीची ठेवा.